व्यसनमुक्तीचा सप्ताह आणि मशेरीची डबी

मशेरी लावली की पहिली दहा मिनिटं माणूस पुरतं जमिनीवर नसतं. तळहातावर काळी पूड घ्यायची, बोट तिच्यात बुडवायचं आणि दातांवरून, हिरड्यांवरून सावकाश फिरवत बसायचं. कान तापतात. समोरचं लिंबाचं झाड जरा लांब जातं आणि पुन्हा जवळ येतं. कशाचीच घाई उरत नाही. सत्तरच्या दशकात मी बावीस वर्षांची होते, सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेत बाई होते, आणि माझा दिवस रोज त्या दहा मिनिटांतून उगवायचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि कुटून तिची पूड करायची, ही मशेरी. आमच्याकडं बायका तिनं दात घासतात. म्हणजे, घासतात असं म्हणतात. दात पाच मिनिटांत घासून होतात, पण मशेरीला बसलेली बाई अर्धा तास उठत नाही आणि दुपारी पुन्हा बसते. तरी तिला कुणी व्यसन म्हणायचं नाही. व्यसन पुरुषांना असायचं, बायका आपल्या दात घासायच्या.

मी मूळची माण तालुक्यातली, साताऱ्याच्या कोरड्या अंगाची. आमची मेंढरं होती, पुढं वडिलांनी थोडी जमीनही केली, पाऊस तेवढा मिळाला नाही. आठ वर्षांची असताना माझी दाढ दुखायला लागली, तेव्हा आईनं स्वतःच्या बोटानं मला मशेरी लावली. दाढ यथावकाश पडली, मशेरी राहिली. दुष्काळात आई खडी फोडायला जायची, तिथं भाकरी कमी आणि मशेरी जास्त असायची, कारण मशेरीनं भूक मरते. मी तेव्हा साताऱ्यात राहून मास्तरकीचं शिकत होते. सुट्टीला घरी गेले की आम्ही मायलेकी उंबऱ्यात बसून, काही न बोलता, बोट फिरवत राहायचो. आईची आठवण आली की मला अजून तोच वास येतो, आणि तो मला आवडतो, हे आधीच कबूल करून टाकते.

शिकून झाल्यावर कराडच्या खाली, नदीकाठी, उसाच्या मुलखात मला नोकरी लागली. माणातल्या माणसाला तो हिरवा रंग सुरुवातीला सोसत नाही. माझ्या खोलीच्या मागं ऊस होता, पुढं नदी होती, आणि पावसाळा सरला की पहाटे दोन्हींमधून धुकं उठायचं. त्या धुक्यात पायरीवर बसून मी मशेरी लावायची, कुणी बघत नाही अशा वेळी. गावातल्या बायका अंगणात बसून खुशाल लावायच्या, त्यांना लाज नव्हती. मला होती. बाई म्हणजे पावडरीनं किंवा ब्रशनं दात घासणारी, हे मीच माझ्या मनात ठरवून टाकलं होतं. माझे दात मुळाशी काळे पडले होते, म्हणून हसताना मी पदर तोंडाशी न्यायची. त्यावरून गावानं मला फार मर्यादशील ठरवलं. मीही ते खोडून काढलं नाही.

शाळा दोन शिक्षकी होती. मोठ्या गुरुजींना दुपारी डुलकी लागायची, म्हणून त्यांनी पहिली-दुसरी घेतली होती आणि तिसरी-चौथी माझ्याकडं दिली होती. सकाळी प्रार्थनेनंतर स्वच्छतेची तपासणी असायची. मी ओळीतून फिरत नखं बघायची, केस बघायची. कुणाची नखं वाढलेली असली तर मूल ओशाळून हात मागं घ्यायचं. मी म्हणायची, "बरं, उद्या दाखव." छडी मला कधी जमली नाही, ते "उद्या दाखव" मात्र जमलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलं खरंच नखं कापून यायची. दात मी कधीच तपासत नव्हते. का, ते उघड आहे.

एका सप्टेंबरात तालुक्याहून परिपत्रक आलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक शाळेनं व्यसनमुक्ती सप्ताह साजरा करावा, अहवाल पाठवावा. गुरुजींनी कागद दोनदा वाचला, चिमूटभर तपकीर नाकात सारली, दोन शिंका दिल्या आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

"बाई, हे तुमच्याकडं. तुमच्यासारखं निर्व्यसनी माणूस साऱ्या गावात दुसरं न्हाई."

माझी डबी त्या वेळी माझ्या कमरेलाच खोचलेली होती. चांगली पितळी, झाकणावर मोर असलेली, आईनं दिलेली. मी पदर सारखा केला आणि बरं म्हटलं.

त्या आठवड्याची आठवण काढली की मला तो सगळा धुक्यातूनच दिसतो. पहिल्या दिवशी प्रभातफेरी होती. मुलं पाटीवर घोषणा लिहून नदीच्या रस्त्यानं निघाली आणि दहा पावलांवर दिसेनाशी झाली. नुसते आवाज राहिले. "दारू सोडा, संसार जोडा" असं धुकंच म्हणत चाललंय असं वाटत होतं. मी आवाजाच्या मागून चालत होते. मधेच एखादी म्हैस, एखादी कावड धुक्यातून बाहेर यायची आणि आत जायची. एका म्हाताऱ्यानं मला थांबवून चौकशी केली, "सप्ता बसवलाय म्हनं शाळंत? ईना कुणाच्या गळ्यात हाय? आन् जेवन कवा?" त्याला हरिनामाचा सप्ताह वाटला होता. जेवण नाही म्हटल्यावर त्याचा सगळा उत्साह गेला.

चौथीत माझी एक मुलगी होती. नऊ वर्षांची, काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. तिचे वडील पलटणीत होते, तसे त्या गावात निम्म्या घरांतले कुणी ना कुणी होते. आई उसात तण भांगलायला जायची. आईला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं वडिलांचं पत्र आलं की ते हीच वाचायची. कुठं अक्षर अडलं तर तेवढ्यावर बोट ठेवून माझ्याकडं यायची, बाकीचं पत्र हातानं झाकून. तिची आई एकदा मला म्हणाली होती, "आधी पोस्टमन वाचायचा. त्यो चांगला हुता, पर मला मान खाली घालावी लागायची. आता पोरगी वाचती. पायजे तितक्या येळा वाचती. म्या एक शब्द चार-चार येळा इचारते."

शेवटच्या दिवशी साऱ्या गावापुढं शपथ घ्यायची होती. शपथेचा मजकूर गुरुजींनी तयार केला आणि म्हणवून घ्यायचं काम मी त्या मुलीला दिलं. असा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. शपथ विद्येची होती: पुस्तकावर हात ठेवून "मी विद्येची शपथ घेऊन सांगते, मी कोणतेही व्यसन करत नाही आणि करणार नाही." गुरुजींनी विद्या घातली ती शोभेला. मुलांच्या लेखी मात्र त्या वेळी विद्येच्या शपथेहून मोठी शपथ नव्हती. खोटी घेतली तर विद्या जाते, शिकलेलं सगळं पुसून जातं, याबद्दल शाळेत कुणाला शंका नव्हती. मलाही लहानपणी नव्हती.

तिसऱ्या दिवशी मुलांनी घरोघरच्या व्यसनांची यादी आणायची होती. याद्या आल्या आणि बाहेर गाव चवताळलं. निवृत्त सुभेदार शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या नातवानं "आजोबा, रम" असं लिहिलं होतं.

"बाई, ती सरकारी हाय. पलटनीतली. शिक्का असतोय तिच्यावर. तिला दारू म्हनून कसं चालंल?"

गुरुजींनी मान डोलावली आणि रम यादीतून काढली. मग त्यांना आठवलं की दुसरीतल्या एका दिवट्यानं "गुरुजी, तपकीर" असंही लिहून दिलं आहे. "तपकीर ही औषधात मोडते, बाई," ते गंभीरपणे म्हणाले. ती मी माझ्या हातानं खोडली. मनात म्हटलं, काय ही माणसं, ज्यानं त्यानं आपापल्यापुरतं सोडवून घेतलंय. मला फार हसू येत होतं. पदर तोंडाशी होताच.

शाळा सुटल्यावर ती मुलगी मागं राहिली. पुस्तक छातीशी धरलेलं.

"बाई, आमच्या घरात कुनी बिडी वडत न्हाई, तंबाखू खात न्हाई. पर मशेरी हाय. आई लावती, मीबी लावते. रोज सकाळी म्याच भाजते तव्यावर. मशेरी व्यसन हाय का वो?"

तिनं विचारलं तेव्हा उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर होती. मी पहिल्यांदाच तिचे दात बघितले. पुढचे नवे आलेले, मोठे, आणि मुळाशी काळी रेघ. माझ्या दातांना होती तशीच.

मी जराही थांबले नाही. लगेच बोलले.

"नाही गं. मशेरी म्हणजे दात घासणं. ते व्यसन नव्हे."

"मग मला शपत घेता ईल?"

"येईल की."

ती एवढी हलकी होऊन गेली! पायरीवरून उडी मारून, दप्तर हलवत. मी वर्गात एकटीच उभी राहिले आणि माझं मला कळलं की सुभेदार आणि गुरुजी माझ्यापेक्षा बरे. ते स्वतःपुरतं बोलले होते. मी ते खोटं एका पोरीला दिलं होतं, तिनं हात पसरून खरं मागितलं तेव्हा.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, शाळेच्या अंगणात व्यसनांची होळी होती. अंगण आदल्या दिवशीच सारवलं होतं. ते जळू नये म्हणून गुरुजींनी दोन मोठी, जुनी घमेली मागवली, खाली विटा घालून त्यांत शेणी रचल्या आणि पेटवून दिल्या. लोकांनी बिड्यांची बंडलं टाकली, तंबाखूच्या चंच्या टाकल्या, कुणी फुटकी चिलीम टाकली. दुकानदारानं तर अर्धं पोतं तंबाखू आणली आणि टाळ्या मिळवल्या. पावसात भिजून बुरसलेली होती ती, विकली जाणार नव्हती. पण टाळ्या वाजल्या. त्या गर्दीत, पदराआड हात करून, मीही माझी मोराची डबी आत सोडली. कुणाला दिसली नाही. मला वाटलं होतं टाकल्यावर मोकळं वाटेल. पण ती पडली तिकडंच मी बघत राहिले.

ओल्या तंबाखूनं जाळ धरला नाही. आगच दबली आणि घमेली नुसती धुमसू लागली. मग तो वास उठला. खाली निखारे आणि तापलेलं लोखंड, वर तंबाखू. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं ते आता साऱ्या अंगणाच्या नाकात आलं: आम्ही गावजेवणाला पुरेल इतकी मशेरी भाजायला घेतली होती.

तो धूर मी कधीच विसरणार नाही. वारा नव्हता. धूर वर जाईना, अंगणातच पसरला, बायका बसल्या होत्या त्या बाजूला. नदीवरून धुकं यायला लागलं होतं, त्यात तो मिसळला. बायकांची कुजबुज थांबली. कुणी डोळे मिटले. एक म्हातारी मान डोलवत होती. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, कान तापले आणि शाळेचा लिंब जरा लांब गेला. सुभेदार भाषण करत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी आईच्या उंबऱ्यात होते, माणात, दुष्काळात, आणि मला कमालीचं सुख वाटत होतं. व्यसनमुक्तीच्या सप्ताहात एवढं सुख वाटल्याची लाज मला नंतर आली, त्या क्षणी आली नाही.

मग तिचा आवाज आला. "मी विद्येची शपथ घेऊन सांगते." ती बाकावर उभी होती, हात पुस्तकावर, मान ताठ. साऱ्या गावानं तिच्यामागून म्हटलं. मी बाकाच्या शेजारीच उभी होते. मी ओठ हलवले. आवाज काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले ती डोकं धरूनच. हात आपोआप कमरेला गेला, डबी नव्हती. पायरीवर बसले, नुसतं बोट दातावरून फिरवलं, पाण्यानं चूळ भरली, उठले, बसले. चौदा वर्षांत एकही सकाळ अशी गेली नव्हती. दुकान उघडायला अवकाश होता, आणि उघडलं तरी काल टाळ्या घेतलेल्या दुकानदाराकडं बाईनं तंबाखू मागायची कशी? मग तो विचार आला. येऊ नये असा होता, पण आला. मी खडूची रिकामी पेटी उचलली आणि धुक्यातून शाळेकडं निघाले. सगळं गाव पांढऱ्यात बुडालं होतं. मी मला समजावत होते की घमेली नीट विझली की नाही ते बघायला आपण चाललोय.

एका घमेल्यापाशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं. जवळ गेले तर तीच. हातात करवंटी. वरची कच्ची तंबाखू तिनं बाजूला सारली होती, खालची राख तशीच ठेवली होती, आणि मधली, बरोब्बर भाजलेली, बोटांनी निवडून करवंटीत भरत होती. सवयीचा हात होता. मला बघून ती दचकली नाही, हसली.

"बाई, आयती भाजल्याली हाय. आज तवा तापवायचा वाचला."

मग तिला माझ्या हातातली खडूची पेटी दिसली. उघडी. तिनं पेटीकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं. पदर घ्यायला माझा हात वर गेला, पण पेटी होती हातात.

"बाई, तुमीबी लावता?"

मी खाली बसले. समोर बसून खोटं बोलायचं त्राण मला नव्हतं. मी वर्गात पुस्तकातली भाषा बोलायची, पण त्या वेळी तोंडातून आली ती माझ्या घरचीच.

"लावते गं. आठ वरसाची हुते तवापासनं. आन् मशेरी व्यसनच हाय. मला ठावं हुतं. मी तुला लबाड सांगितलं."

तिनं करवंटी हळूच खाली ठेवली.

"मग माजी शपत खोटी झाली."

"तुझी न्हवं, माझी. मी सांगितलं म्हणून तू..."

"तुमी घेतलीच न्हाईसा, बाई. तुमी नुसतं व्हट हलवलंसा. म्या वरनं बघत हुते." ती रागानं बोलत नव्हती. जे दिसलं ते सांगत होती. "म्या घेतली. आता माजी इद्या जानार."

असं होत नसतं, शपथेनं विद्या जात नाही, असं मी सांगायला लागले. पण माझ्या सांगण्याला आता काय किंमत होती? तिनं परकराच्या ओच्यातून एक पत्र काढलं. आदल्या दुपारी आलेलं. कार्यक्रमाच्या गडबडीत वाचायचं राहिलं होतं, सकाळी आईला वाचून दाखवणार होती. घाईघाईनं तिनं ते उलगडलं आणि डोळ्यांजवळ धरलं. धुकं दाट होतं, उजाडलं नव्हतं. मलाही तो कागद नुसता निळसर दिसत होता.

"न्हाई दिसत," ती म्हणाली. कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "एकबी अक्षर न्हाई. गेली, बाई. माजी इद्या गेली." आणि मग ती रडायला लागली, मोठ्यानं नाही, पण अंग हलत होतं. "आता आण्णांची पत्रं कोन वाचनार? आई कुनाकडं जानार?"

मी तिला जवळ ओढलं. अंधार आहे म्हणून दिसत नाही, एवढं साधं होतं ते, पण तिला पटेना. मी म्हटलं, "मी बी वाचू शकत न्हाई बघ. दिस उगवू दे. तवर हितंच बसू." आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो. पत्र तिनं मांडीवर पसरलं आणि त्यावरून नजर काढली नाही. मीही काढली नाही. ते धुकं किती वेळ होतं, मला सांगता येणार नाही. नदी ऐकू येत होती. उसाची पानं टपटपत होती. आयुष्यात मी अनेक गोष्टींची वाट बघितली, पण उजेडाची तशी कधी बघितली नाही. मी बावीस वर्षांची, शिकलेली बाई, आणि खरं सांगते, मलाही भीती वाटत होती की उजाडल्यावरही तिला वाचता आलं नाही तर?

मग उसाच्या शेंड्यांवर पिवळं आलं. कागदावर आधी नुसत्या ओळी दिसल्या, मुंग्यांच्या रांगांसारख्या. तिनं बोट ठेवलं.

"ती... तीर्थ..." ती थांबली. "तीर्थरूप न्हाई. चि... चिरंजीव. चिरंजीव सौभाग्यवती." तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा घाईघाईनं खाली बघितलं, अक्षरं पळून जातील म्हणून. "इकडे थंडी पडू लागली आहे. म्हैस व्याली का ते कळविणे. दिवाळीला रजा मिळत नाही, वाट पाहू नये. पोरीने आपल्या हाताने लिहिलेले पत्र मी पलटणीत चारजणांना दाखविले." तिथं ती थांबली. तेच वाक्य तिनं पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा.

मी म्हटलं, "बघ, गेली न्हाई."

"जाईल पर."

"आजपासनं दोघींनी सोडली तर शपत खरी हुईल. मग कशी जाईल?"

तिनं विचार केला. "तुमी सोडली का न्हाई, मला कसं कळनार?"

बरोबर होतं तिचं. मी सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचे दिवस काल संपले होते. मी तिच्यापुढं तोंड उघडलं, पदर न घेता, आणि दात दाखवले, मुळापर्यंत काळे. तिनं नीट वाकून बघितले. मग स्वतःचे दाखवले. रोज सकाळी प्रार्थनेआधी, दारात, एकमेकींचे दात बघायचे, असं ठरलं. करवंटी आणि खडूची पेटी आम्ही उसाच्या बांधावर पालथी केली. परत येऊन बघतो तर दुसऱ्या घमेल्यातला थर खरवडून नेलेला. आमच्याही आधी कुणी कुणी येऊन गेलं होतं, माझी मोराची डबीही त्यांच्याबरोबर गेली होती. गुरुजींनी अहवालात "गावातील सर्व तंबाखू नष्ट करण्यात आली" असं लिहिलं. त्याला मी सही केली.

त्याच दिवशी मी वर्गात सांगितलं की मशेरी हे व्यसन आहे आणि मी ते करते. पदर खाली ठेवून सांगितलं. दुपारपर्यंत गावाला कळलं. पाणवठ्यावर एका बाईनं मला ऐकू येईल असं म्हटलं, "आता दातबी घासू देनार न्हाईत व्हय ह्या?" मर्यादशील बाई एका दिवसात गेली, ती गेलीच. त्या मुलीची आई मात्र काही बोलली नाही. तिनं पोरीकडून तंबाखू भाजून घेणं बंद केलं, स्वतः भाजू लागली. तेवढंच तिला जमलं, आणि मला ते थोडं वाटलं नाही.

पुढचे वीस-एकवीस दिवस म्हणजे माझ्या तोंडाला नुसती कडू चव होती. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, पायरीवर बसलं की झाड जागच्या जागी उभं असायचं. पण सकाळी ती दारात उभी असायची. ती "ईऽऽ" करायची, मी "ईऽऽ" करायची. गुरुजींनी एकदा बघितलं आणि तपकीर ओढायची विसरले.

दिवाळीला मी माणात गेले. आई चुलीवरचा तवा उतरवून उंबऱ्यात बसली होती. तिनं मला बघितलं, थोडं सरकून जागा केली आणि तळहात पुढं केला. तो वास. ते लांब गेलेलं बाभळीचं झाड. मी तीन दिवस नाही म्हटलं. चौथ्या दिवशी बसले.

शाळा उघडली त्या सकाळी धुकं होतं. ती दारात माझ्या आधी येऊन उभी होती, नवा परकर नेसून. मी जवळ जाताच तिनं तोंड उघडलं. दात स्वच्छ होते, काळी रेघ पुसट झालेली. सुट्टीभर तिची आई समोर बसून लावत असताना ती तशी राहिली होती, नऊ वर्षांची पोर. मग ती माझ्याकडं बघत थांबली.

मी तोंड उघडलं नाही. माझा हात पदराकडं गेला.

तिला कळलं. तिचा चेहरा पडेल, ती रडेल, पुस्तक टाकून पळून जाईल, असं काय काय मला वाटलं. पण ती माझ्या हाताला हात लावून, मी रोज ओळीतून फिरताना जशी म्हणायची अगदी तशी, म्हणाली, "बरं. उद्या दाखवा, बाई."

आणि आत जाऊन आपल्या जागेवर बसली.

दुसऱ्या दिवशी मी दाखवले.